मनगट मोडलं, आता साठ हजारांत मिटवून टाकू का?

भोसरीहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, नाव-गाव काढून मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"मी ३८ वर्षांची आहे, घरून पोळी-भाजीचे डबे देते, एमआयडीसीतल्या लोकांना आणि रूमवर राहणाऱ्या मुलांना. खर्च जाऊन महिन्याला वीसेक हजार सुटतात. चार महिन्यांपूर्वी डबे घेऊन स्कूटरवर निघाले होते, मागून एक मोठी गाडी सारखी हॉर्न मारत होती, पुढे सगळं ट्रॅफिक तुंबलेलं, मी जाणार कुठे. मी मागे वळून 'उडून जाऊ का आता' म्हणून ओरडले, अजून एक शब्दही गेला तोंडातून. सिग्नल सुटल्यावर त्याने मला दोनदा कट मारला, काच खाली करून शिव्या दिल्या आणि तिसऱ्या वेळी गाडी अंगावरच घेतली. हँडलला लागली, मी पडले, उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट टाकली. तो उतरला, मला थोबाडीत मारली आणि निघून गेला. टपरीवाल्याने नंबर लिहून घेतला म्हणून सापडला. मी ऑपरेशनमध्ये असताना मिस्टरांनी पोलिसांत जबाब दिला, त्यात फक्त 'चारचाकीची धडक बसून पडली' एवढंच आहे. आता त्या माणसाकडून निरोप येतोय की साठ हजार घ्या, स्टॅम्पवर सही करा. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, त्याच्या ओळखी आहेत. हॉस्पिटलचं बरंचसं बिल मिस्टरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून गेलं. माझं लायसन्स तेव्हा संपलेलं होतं आणि आधी मीच बोलले होते, मग माझीच चूक धरतील का? एक वकील म्हणाला निकालाचे तीस टक्के घेईन. काय करू?"

ताई, आधी एकच सांगते, सही करू नका. साठ हजार पुरेसे आहेत की नाहीत ते पुढे हिशोब करून बघूच, पण हिशोब व्हायच्या आधी सही नको. त्या पाचशेच्या स्टॅम्पवर "माझी काही तक्रार नाही, मला सर्व भरपाई मिळाली" असं लिहिलेलं असतं आणि तो कागद पुढे पोलिसांपुढे, कोर्टापुढे, विमा कंपनीपुढे सगळीकडे निघतो. तो खोडता येतो, पण त्याच्याशी भांडण्यात तुमची वर्षं जातील. निरोप घेऊन येणाऱ्याला "वकिलांशी बोलून सांगते" एवढंच म्हणा, आणि फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काही धमकीवजा आलं तर डिलीट करू नका, जपून ठेवा.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ही सगळ्यात निकडीची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला बदल झाला आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे कलम १६६ खालचा भरपाईचा क्लेम अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. आधी अशी मुदत नव्हती, त्यामुळे अजूनही लोक "क्लेम काय, कधीही करता येतो" असं सांगतात, शेजारचे सांगतात, कधीकधी वकीलही सांगतात. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर तुम्ही राहू नका. तुमचे चार महिने गेलेत, म्हणजे हातात दोन महिनेही धड नाहीत. हात पूर्ण बरा झाल्यावर बघू, चार्जशीट आल्यावर बघू, पुढच्या वर्षी प्लेट काढल्यावर बघू असं करू नका, क्लेम आधी दाखल होऊ दे, कागद मागाहून जोडता येतात. अजून एक म्हणजे भरपाईवरचं व्याज साधारण क्लेम दाखल केल्याच्या तारखेपासून धरतात, म्हणजे उशीर केला तर तिथेही तुमचंच नुकसान.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. "आधी मीच बोलले." ताई, तुम्ही ओरडलात, एक शब्द जास्तीचा गेला, ठीक आहे. पण तुमच्या शब्दाने त्याचं स्टेअरिंग वळलं नाही, ते त्याने वळवलं. भरपाईच्या कोर्टात प्रश्न असा असतो की अपघात कोणाच्या गाडी चालवण्यामुळे झाला. तुमची स्कूटर आडवी आली का, तुम्ही सिग्नल तोडला का, राँग साइडने होता का, या गोष्टींवरून तुमचा काही वाटा धरायचा की नाही ते ठरतं, आणि धरला तर तेवढे टक्के भरपाईतून कापतात. तोंडून गेलेला शब्द म्हणजे गाडी चालवण्यातला निष्काळजीपणा नाही. तो माणूस हे नक्की उगाळणार, कदाचित तुमच्याविरुद्ध शिवीगाळीची उलटी तक्रारही देईल, दिली तर घाबरू नका. विचारलं तर खरं सांगा, की हो मी असं म्हणाले. लपवलं आणि नंतर साक्षीदाराच्या तोंडून बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

लायसन्सचंही तसंच. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवणं हा गुन्हा आहेच, त्याचा दंड होईल तो भरा आणि आधी रिन्यू करून घ्या. पण लायसन्स नव्हतं एवढ्यावरून अपघाताला तुम्हीही जबाबदार असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सुधीर कुमार राणा यांच्या केसमध्ये २००८ मध्येच सांगितलंय. तुमच्या चालवण्यामुळे अपघात झाला असं दाखवावं लागतं, आणि तुमच्या प्रसंगात मागून येऊन तिसऱ्या वेळी गाडी घातली त्याने.

आता जरा अवघड भागाकडे येते, हा नीट वाचा आणि मिस्टरांनाही वाचायला द्या. तुमच्याबरोबर त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. एक, त्याने गाडी अंगावर घेतली आणि मनगट मोडलं. दोन, त्याने उतरून थोबाडीत मारली. मोटार अपघात न्यायाधिकरण, म्हणजे ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात, ते पहिल्या गोष्टीसाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. गाडीच्या वापरातून झालेली इजा तिथे येते, हाताने केलेली मारहाण येत नाही. १९८८ मध्ये पटियालात नवज्योतसिंग सिद्धूंचं रस्त्यावर भांडण झालं, मारहाणीत ६५ वर्षांचा माणूस गेला आणि ती केस चालत चालत मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक वर्षाची शिक्षा दिली तेव्हा संपली. रस्त्यावरचंच भांडण, पण मार हाताचा, म्हणून ती सगळी फौजदारी बाजू. आणि किती वर्षं लागली ते बघा. म्हणून तुमचा क्लेम फौजदारी केसच्या मागे बांधून ठेवू नका, दोन्ही स्वतंत्र चालतात. फौजदारीत तो उद्या सुटला तरी क्लेम आपोआप पडत नाही, कारण तिथे शंकेला जागा राहू नये एवढा पुरावा लागतो आणि क्लेममध्ये "असं घडल्याची शक्यता जास्त" एवढं पुरतं.

मग थोबाडीत मारल्याचं काय? ते सोडून द्यायचं नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ११५(२) खाली दुखापत केल्याचा गुन्हा होतो, शिवीगाळ-धमकीची कलमं वेगळी आहेत, आणि फौजदारी कोर्ट शिक्षा देताना पीडिताला भरपाई द्यायचाही आदेश करू शकतं. पण हे सगळं जबाबात आलं पाहिजे आणि तुमच्या जबाबात ते नाही. मिस्टर घटनेच्या वेळी तिथे नव्हतेच, त्यांनी हॉस्पिटलच्या गडबडीत जे समजलं ते सांगितलं, त्यात त्यांचा दोष नाही. यावर उपाय म्हणजे पुरवणी जबाब. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या की मी जखमी आहे, माझा स्वतःचा जबाब अजून घेतलेला नाही, तो घ्या. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि त्यावर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. "साहेब नाहीत, नंतर या" म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत पोलीस उपायुक्तांना पाठवा, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे, पुण्याला जायची गरज नाही. तरी हलले नाहीत तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

एफआयआरमध्ये कलमं कोणती लावलीत तेही बघा. हाड मोडणं ही न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे, त्यामुळे निष्काळजीपणाचंच धरलं तरी १२५(ब) हवं, नुसतं १२५(अ) असेल तर ते कमी आहे.

आणि आता "मुद्दाम" या मुद्द्याचं. खरी मेख इथेच आहे. पोलिसांच्या कागदात सगळं सौम्य राहिलं, "धक्का लागला, पडली", तर त्या माणसाने काय केलं ते कुठेच येत नाही. उलट रागाच्या भरात किंवा कोणी शिकवलं म्हणून "मला ठार मारायलाच त्याने गाडी घातली" असं लिहून दिलंत तर विमा कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल की साहेब, हा अपघातच नाही, हा खुनाचा प्रयत्न आहे, आम्ही अपघाताचा विमा दिलाय. आणि हा मुद्दा हवेतला नाही. रिटा देवी केसमध्ये, सन २००० मध्ये, रिक्षा पळवणाऱ्यांनी रिक्षावाल्याला मारलं होतं, तिथे सुप्रीम कोर्टाने असा फरक केला की त्याच माणसाला मारणं हाच मुख्य हेतू असेल तर तो अपघात नव्हे, पण दुसरंच काही करताना मृत्यू ओढवला तर तो कायद्याच्या दृष्टीने अपघात. त्या रिक्षावाल्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली, पण कंपन्या त्यातला पहिला अर्धा भाग उचलून वापरतात.

तुमच्या बाजूने बोलायला बरंच आहे. "मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात" या शब्दांचा अर्थ कोर्टाने फार मोठा धरलेला आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यातली केस बघा, १९८७ मध्ये हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला, सांडलेलं पेट्रोल गोळा करायला गावातले लोक गेले आणि काही तासांनी स्फोट झाला. टँकर तेव्हा चालत नव्हता, आडवा पडलेला होता, तरी १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिवाजी दयानू पाटील केसमध्ये तो मृत्यू वाहनाच्या वापरातूनच झाला असं धरलं. तुमच्या बाबतीत तर गाडी चालू होती, रस्त्यावर होती आणि गाडीनेच लागलं. शिवाय त्रयस्थ जखमी माणसाविरुद्ध विमा कंपनीला कोणते बचाव घेता येतात ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत, लायसन्स, परमिट, दारू पिऊन चालवणं, विमा काढताना माहिती लपवणं वगैरे, त्यात "ड्रायव्हरला राग आला होता" असा बचाव कुठे नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की पोलिसांत, हॉस्पिटलच्या कागदात, क्लेम अर्जात, सगळीकडे एकच गोष्ट सांगा आणि जशी घडली तशीच सांगा. त्याने हॉर्न मारले, दोनदा कट मारला, शिव्या दिल्या, मग डावीकडे दाबत गाडी इतकी जवळ आणली की हँडलला लागली आणि मी पडले. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, ते तुम्ही सांगायचं नाही, त्याने काय केलं ते सांगायचं. घाबरवायला कट मारला होता की पाडायलाच मारला होता ते पुराव्यावरून ठरवणारे ठरवतील. वाढवून सांगू नका, आणि मिस्टरांच्या म्हणण्यासारखं कमी करूनही सांगू नका.

पुराव्याचं घाईने करा. सिग्नलचे, दुकानांचे, पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही फार दिवस टिकत नाहीत, नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. चार महिन्यांनी ते असेल याची खात्री नाही, पण पोलिसांनी तेव्हाच काढून घेतलं असेल तर चांगलंच, तेच अर्जात विचारा. टपरीवाल्याला भेटा, त्याने नंबर लिहिलेला कागद किंवा मोबाइलमधला फोटो असेल तर तो सांभाळायला सांगा आणि त्याचा जबाब घेतलाय का ते बघा. कोर्टात यायला लोक कचरतात, त्याला दोष नाही, पण आधीच माणुसकीने बोललं तर येतात.

हॉस्पिटलचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावा, एमएलसीची (म्हणजे पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेली) नोंद, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, ओपीडीचे पेपर, फिजिओथेरपीच्या पावत्या, औषधांची बिलं, हॉस्पिटलला जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं सुद्धा. मेडिक्लेमने भरलं म्हणून ती बिलं टाकून देऊ नका. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिलाय की मेडिक्लेमचे मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, कारण तो हप्ता भरून घेतलेला वेगळा करार आहे. कंपनी तरी प्रयत्न करेल, तेव्हा वकिलांना या निकालाची आठवण करून द्या.

आता पैशाचा हिशोब. साठ हजार हा आकडा त्या माणसाने त्याच्या सोयीने काढलाय, कोर्ट कसं काढतं ते दाखवते. मनगटाचं ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं वळत नाही, जोर येत नाही असं तुम्ही लिहिलंय. जिल्हा रुग्णालयातून किंवा ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, त्यात समजा हाताला अमुक टक्के असं येईल. तो आकडा म्हणजे शेवट नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच समजावलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईवर झालेला परिणाम वेगळा, डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार पूर्णच बसतो आणि तोच हात गेलेला सरकारी क्लार्क नोकरीत राहू शकतो. मग ताई, उजवं मनगट हे पोळ्या लाटणाऱ्या बाईचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कणीक मळणं, लाटणं, भरलेलं पातेलं उतरवणं, डब्यांच्या पिशव्या उचलणं, हे सगळं क्लेममध्ये आणि तुमच्या साक्षीत असंच्या असं आलं पाहिजे. "हात दुखतो" एवढ्यावर कोर्टाला काही कळत नाही. आधी सकाळी किती पोळ्या व्हायच्या, आता किती होतात, लाटायला बाई ठेवली का, तिला महिन्याला काय देता, ते सांगा. धंदा चालू असेल तर बंद पडला असं लिहू नका, बाई ठेवावी लागली हेच तुमचं नुकसान आहे आणि ते दाखवता येतं.

महिन्याला २०,००० धरले तर वर्षाचे २,४०,०००. तुम्ही चाळिशीच्या आतल्या आणि स्वतःचा धंदा असलेल्या, त्यामुळे पुढच्या वाढीचे म्हणून ४० टक्के मिळवतात, हे प्रणय सेठी निकालापासून, २०१७ पासून ठरलेलं आहे. झाले ३,३६,०००. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्याने गुणतात तो आकडा, १५, म्हणजे ५०,४०,०००. यातून कमाईवरचा परिणाम समजा कोर्टाने २० टक्के धरला तर १०,०८,०००, दहाच टक्के धरला तरी ५,०४,०००. हे फक्त पुढच्या कमाईचं. याशिवाय बिलं, चार महिन्यांची बुडालेली कमाई, वेदनांचे, घरच्यांनी केलेल्या देखभालीचे, पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचे वेगळे. एवढे मिळतीलच असं मी म्हणत नाही, टक्का किती धरतील आणि उत्पन्न किती धरतील यावर सगळं आहे, पण साठ हजार कुठे आणि हे कुठे ते तुम्हाला दिसावं म्हणून मांडलं.

उत्पन्नाचा पुरावा हा घरून धंदा करणाऱ्या बायकांचा कायमचा अडचणीचा भाग. रिटर्न भरलेला नसेल तर कोर्ट स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतं आणि तो बहुतेक वेळा कमी असतो. म्हणून यूपीआयचं आणि बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा, किराण्याची आणि गॅस सिलिंडरची बिलं, डब्यांच्या हिशोबाची वही, एफएसएसएआयची (खाद्यधंद्याची) नोंदणी असेल तर ती, उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, असेल तर ते, आणि नेहमीच्या दोन-तीन डबेवाल्या गिऱ्हाइकांना साक्षीला विचारून ठेवा. वही खाडाखोड न करता आहे तशीच द्या, मागाहून सुंदर अक्षरात लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

क्लेम कोणावर करायचा, तर तिघांवर, ड्रायव्हर, मालक आणि गाडीची विमा कंपनी. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कोणाचा आणि कधीपर्यंत आहे ते बघा. "गाडी माझी नाही, मी विकलीय" असं मालक म्हणाला तरी आरटीओत नाव बदललेलं नसेल तर नावावर असलेलाच जबाबदार, हे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार केसमध्ये ठरवलंय. त्याच्या ओळखी असतील, असू देत. विमा चालू असेल तर पैसे कंपनीकडून यायचेत आणि कंपनीला त्याच्या ओळखींशी काही देणंघेणं नाही. मिस्टरांना हे जरूर सांगा, त्यांची भीती तुमच्या काळजीपोटी आहे पण ती या ठिकाणी लागू होत नाही. आणि धमक्या आल्याच तर तो वेगळा गुन्हा आहे, त्याची तक्रार तिथल्या तिथे द्यायची.

क्लेम कुठे, तर अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, निवड तुमची. तुम्हाला पुण्याचं जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर. नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवाल हाच क्लेम अर्ज म्हणून धरता येतो. तपासी अंमलदाराला तुमच्या केसमध्ये तो गेलाय का ते लेखी विचारा, पण गेला असेल म्हणून गप्प बसू नका, आपला अर्ज आपण करायचाच आणि अहवाल गेला असेल तर तसं त्यात नमूद करायचं.

एक सावधगिरी. विमा कंपनीकडून कोणी येऊन म्हणालं की कलम १६४ मध्ये लगेच अडीच लाख देतो, चूक कोणाची तेही सिद्ध करायला नको, तर ते खरं आहे, गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा क्लेम संपतो. ज्यांची इजा थोडी आहे किंवा पुरावा अजिबातच नाही त्यांच्यासाठी ती वाट वाईट नाही, तुमच्यासाठी आत्ता तरी मला ती बरोबर वाटत नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय त्यावर हो म्हणू नका.

बाकी वाचणाऱ्यांसाठी मध्येच सांगून ठेवते, ताईंची वेळ गेली पण तुमच्यावर प्रसंग आला तर मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळायची योजना आहे. आणि गाडीचा पत्ताच लागला नाही तर हिट अँड रनची वेगळी भरपाई मिळते, गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख. ताईंच्या टपरीवाल्याने नंबर लिहून घेतला नसता तर त्यांच्या हाती एवढंच राहिलं असतं, म्हणून रस्त्यात असं काही दिसलं तर आधी नंबर टिपा.

शेवटी तीस टक्केवाला वकील. त्याला नको म्हणा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या पैशात वाटा घेणं चालत नाही. हॉस्पिटलच्या बाहेर कार्ड वाटणाऱ्यांकडेही जाऊ नका, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर मुळीच नको. फी किती आणि कधी ते आधी ठरवून लिहून घ्या. आणि फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही, हे कितीतरी बायकांना माहीत नसतं. फोन करायचा असेल तर १५१००.

पुढे केस चालू असताना लोकअदालतीत तडजोडीचा विषय निघेल, कंपन्यांना तिथे मिटवायचं असतं आणि तिथे खरंच वर्षं वाचतात. पण लोकअदालतीत ठरलं की त्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशोब एका कागदावर लिहून बरोबर न्या, कंपनीचा आकडा त्याशेजारी मांडा आणि मगच हो किंवा नाही म्हणा. आणि या आठवड्यात तीन गोष्टी करा, ठाण्यात पुरवणी जबाबाचा अर्ज, सरकारी हॉस्पिटलमध्ये अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची तारीख घेणं, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडून प्लेट काढायला पुढे अंदाजे किती खर्च येईल ते त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेणं. हे तिन्ही कागद घेऊन वकिलांकडे गेलात की अर्ज लगेच तयार करता येतो.